सावळीचा प्रश्न

शाल खांद्यावर पडली तेव्हा प्रेमाताई वेखंड्यांच्या लक्षात आलं, की सावळीचा चेहरा आपल्याला आठवत नाही. मुरबाडचं मंगल कार्यालय, मागं सन्मान सोहळ्याचा फलक, आणि त्या फलकाच्या कडेनं डोकावणारी कालच्या कुणाच्या तरी लग्नातली थर्माकोलची बदकं. समोर शिक्षक, सरपंच, बचत गटाच्या बायका आणि जेवणाचा वास आल्याशिवाय कधी न येणारी नेहमीची चार डोकी. हे सगळे चेहरे ताईंना नावानिशी ठाऊक होते. कुणाची बदली अडली आहे, कुणाची सून माहेरी जाऊन बसली आहे, कोण मागच्या वेळी विरोधात होता आणि आता पहिल्या रांगेत का बसला आहे, हेसुद्धा. ओमकार नावाचा कनिष्ठ महाविद्यालयातला प्राध्यापक सूत्रसंचालन करत होता. आवाज घुमवून तो सांगत होता, की विधान परिषदेत ज्या एका प्रश्नानं सगळं सभागृह हेलावलं, त्या प्रश्नावरच्या भाषणाबद्दल ताईंना यंदाचा पुरस्कार मिळाला, आणि हा पुरस्कार आपल्या मातीचा आहे. टाळ्या पडल्या. आता आपल्याला दोन शब्द बोलावे लागणार म्हणून ताईंनी मनातल्या मनात सावळीला हाक मारली, आणि कुणी आलं नाही. फ्रॉक आला. शाळेचा निळा फ्रॉक, काखेत उसवलेला, उसवलेल्या जागी सेफ्टी पिन लावलेली. पाय आले, नदीचा गाळ सुकून पांढरे पडलेले. फ्रॉकच्या वर मात्र काहीच नव्हतं.

त्या बोलायला उठल्या. भाषण चांगलंच झालं. भाषण वाईट व्हायचे दिवस त्यांनी कधीच मागं टाकले होते. इतक्या वर्षांत तोंडाला अशी सवय लागली होती, की मन दुसरीकडं गेलं तरी तोंडाचं काही अडत नसे. 'माझी सावळी' असं त्या म्हणाल्या, आणि तो शब्द स्वतःच्याच कानावर पडल्यावर त्यांना कसंसं झालं. माझी कशी? यमू आणि भरत वाघ यांची पोर ती, नदीपल्याडच्या कातकरी वाडीवरची. समोरच्या रांगेत एका बाईनं पदर डोळ्याला लावला. ताईंना त्या बाईचा हेवा वाटला. तिनं सावळीला कधी पाहिलं नव्हतं, आणि तरीही तिच्या डोळ्यांसमोर आत्ता कुणीतरी एक पोर नक्कीच उभी होती. त्या खाली बसल्या. नारळ मांडीवर घेतला, आणि कोण पुढं काय बोलतंय ते न ऐकता पुन्हा शोधू लागल्या. केस तेल न लावलेले, तांबूस. बरोबर. पण वाडीवरच्या सगळ्याच पोरींचे केस तांबूस असतात. डोळे? दात? पुढचा एखादा दात पडलेला होता का? दुसऱ्याच कुणाचा तरी पडका दात येऊन सावळीच्या तोंडात बसत होता, आणि तो तिचा नाही एवढंच त्यांना कळत होतं.

प्रश्न मात्र शब्दन् शब्द पाठ होता. आमदारानं सरकारला काही विचारायचं तर त्याचा एक साचा असतो, आणि त्या साच्यात बसेल तेवढंच विचारता येतं. अमुक ठिकाणी अमुक घडलं, हे खरे आहे काय. असल्यास शासनानं चौकशी केली आहे काय. नसल्यास विलंबाची कारणं काय. धरणग्रस्तांचं दुःख, शिक्षकांचे थकलेले पगार, आश्रमशाळेतल्या भातातल्या अळ्या, सगळं काही ताईंनी वर्षानुवर्षं या साच्यातून काढलं होतं, आणि त्यात त्यांचा हात चांगला बसला होता. शहापूरच्या त्यांच्या कार्यालयात त्या दिवसांत सगळे जण 'सावळीचा प्रश्न' असंच म्हणायचे. सावळीचा प्रश्न टाईप झाला का, सावळीचा प्रश्न लागला का. अधिवेशनात तो लागला त्या दिवशी आधीचा एक रस्त्याचा प्रश्न बराच वेळ चालला होता. प्रश्नोत्तराचा तास संपत आला तेव्हा सभापतींनी त्यांचं नाव पुकारलं. हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीचा तापानं मृत्यू झाला, हे खरे आहे काय? मंत्री उठून म्हणाले, होय, हे खरे आहे. मग उपप्रश्न विचारताना ताईंनी हातातला कागद खाली ठेवला आणि त्या नुसत्या बोलत राहिल्या. दवाखान्यात डॉक्टर नव्हता, गाडी आली तेव्हा उजाडून ऊन चढलं होतं, आईबाप भिवंडीकडं वीटभट्टीवर होते आणि त्यांना निरोप पोचला तेव्हा पोर गेलेली होती. सभागृह शांत झालं. सभापतींनी चष्मा काढून पुसला. दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. मंत्र्यांनी चौकशी जाहीर केली आणि पुढचा प्रश्न पुकारला गेला. बाहेर लॉबीत विरोधी पक्षातले एक जुने सदस्य हात जोडून म्हणाले, ताई, आज तुम्ही सभागृह जिंकलंत. आणि ताईंना त्या क्षणी आनंद झाला होता. लपवून काय उपयोग, चांगला पोटभर आनंद झाला होता. शाल काढून घडी करताना तोच आनंद त्यांना आठवला.

जेवायला थांबा म्हणून सगळे मागं लागले, पण त्या थांबल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणाल्या, आणि ते खोटंही नव्हतं. गणूनं गाडी शहापूरच्या रस्त्याला काढली. गणू त्यांच्याकडं पहिल्या निवडणुकीपासून होता. ताईंच्या तोंडाकडं बघून रेडिओ लावायचा की नाही हे त्याला समजायचं, आणि आज त्यानं तो लावला नाही. सरळगाव गेलं. दोन्हीकडं भातं कापून झाली होती, काही ठिकाणी भारे अजून आडवेच पडले होते, पेंढ्याचा वास गाडीच्या बंद काचांतूनही आत येत होता. मधूनच शेतघरांचे प्लॉट विकणारे फलक, त्यावर गोऱ्या बाईबाप्यांची हसरी कुटुंबं. दिवाळी होऊन गेली होती. शिक्षिका होत्या तेव्हापासून दिवाळीनंतरचे हे दिवस ताईंना नकोसे वाटत. लग्न होऊन किन्हवलीत आल्या त्या वर्षी त्यांची नेमणूक नदीपल्याडच्या वाडीवर झाली होती. सुट्टी संपून शाळा उघडली तर वर्गात कुणी नाही. फळ्यावर सुट्टीआधी स्वतःच लिहिलेली बाराखडी तशीच, आणि वाडीत म्हाताऱ्या, कोंबड्या आणि एक आंधळा माणूस. सगळी वाडी पोराबाळांसकट भट्टीवर गेलेली. यमू त्याच वर्गात होती. अक्षर असं वळणदार काढायची, की ताईंनी तिची पाटी घरी नेऊन नवऱ्याला दाखवली होती. पावसाच्या तोंडाला वाडी परत आली, तेव्हा यमूच्या बोटांना विटांच्या मातीनं भेगा पडल्या होत्या आणि तिला क, ख, ग ओळखू येत नव्हतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग एक वर्ष ती परत आली ती कडेवर मूल घेऊनच.

त्या यमूसाठी म्हणून आपण राजकारणात आलो, असं प्रेमाताई व्यासपीठावरून सांगत, आणि एवढ्यापुरतं ते खरं होतं. आधी मोर्चे, मग जिल्हा परिषद, मग पक्षानं विधान परिषदेवर पाठवलं. आईबाप जावोत भट्टीवर, पोरं वाडीवरच राहिली पाहिजेत. त्यांना तिथंच जेवण, तिथंच झोपायला जागा, आणि शाळा चालू. या एका गोष्टीचा त्यांनी इतका पिच्छा पुरवला, की मंत्रालयात त्यांना बघून माणसं जिना बदलत. शेवटी गेल्या दिवाळीनंतर वाडीवरच्या शाळेच्या रिकाम्या खोलीत वसतिगृह उभं राहिलं. सतरंज्या आल्या, भांडी आली, वाडीतलीच सकुबाई स्वयंपाकाला ठेवली. उद्घाटनाच्या दिवशी ट्रक उभा होता, आईबाप ट्रकमध्ये आणि पोरं खाली, आणि पोरं रडायला लागली. त्यांचं रडं थांबवायला म्हणून प्रेमाताई बोलून गेल्या, की जो एकही दिवस हजेरी चुकवणार नाही त्याला मी मुंबईला नेईन, विधान भवन दाखवीन. वर सज्जात बसून तुम्ही मला बोलताना बघाल. पोरांना असलं आमिष दाखवायचं फक्त आमदारालाच सुचावं. दुसऱ्या कुणी गोळ्या बिस्किटांचं नाव घेतलं असतं. पण एक पोर रडायची थांबली आणि तिनं विचारलं, तिथं जेवाया काय देतान? सगळे हसले. ती सावळी. तिचं ते विचारणं आठवत होतं, आवाजसुद्धा आठवत होता, किंचित घोगरा.

त्या उन्हाळ्यात सकुबाईनं जे सांगितलं ते ताईंनी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगताना सकुबाईच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता, उलट पोरीच्या हुशारीचं कौतुकच होतं. सावळी आडवी पडली त्याच्या चार दिवस अगोदरच तिला ताप आला होता. गुरुजी यायच्या वेळी ती नदीवर जायची, गार पाण्यात तोंड बुडवून बसायची, आणि ओल्या केसांनी येऊन हजेरी द्यायची. सकुबाईनं अंगाला हात लावला तर म्हणाली, मावशे, सांगू नको, माझी मंबई जाईल. तिच्या नावापुढं एकही दिवस रिकामा राहिला नाही. पाचव्या दिवशी ती उठलीच नाही. प्रेमाताईंनी एवढंच विचारलं, की यमूला हे माहीत आहे का. नाही म्हटल्यावर त्या गप्प राहिल्या, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ सकुबाईला बरोबर कळला. डॉक्टर नव्हता हे खरंच होतं. गाडी उशिरा आली हेही खरं होतं. प्रश्नात लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि राहिलं होतं ते विचारायला साचाच नव्हता. सदस्यानं मंत्र्याला विचारायचं असतं. चौकशीतून पुढं एक परिपत्रक निघालं, की प्रत्येक हंगामी वसतिगृहात थर्मामीटर ठेवावा. वाडीवर तो आला आहे. काचेचा आहे, फुटेल म्हणून गुरुजींनी कपाटात कुलूपबंद ठेवला आहे.

गाडी किन्हवलीत शिरली आणि बाहेर पडली. ताईंनी डोळे मिटून घेतले होते. मंत्र्यांच्या उत्तराचा छापील कागद घेऊन त्या अधिवेशन संपल्यावर भट्टीवर गेल्या होत्या, ते त्यांना आठवत होतं. का गेलो आपण? आपण काहीतरी केलं हे यमूला दिसावं म्हणून; की आपलं आपल्यालाच दिसावं म्हणून? भट्टीवर ऊन असं होतं, की चपलेतून पाय भाजत होते. कच्च्या विटांच्या रांगांमध्ये उभं राहून त्यांनी मोठ्यानं वाचलं. भरत साच्यात चिखल थापत होता, त्यानं हात थांबवले नाहीत. यमू मात्र जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, त्यो होय बोलला ता परत वाचा. त्यांनी परत वाचलं. सावळीचा नाव घेऊन बोलला का, असं यमूनं विचारलं. छापलेल्या कागदावर 'एका विद्यार्थिनीचा' एवढंच होतं. ताई म्हणाल्या, हो, नाव घेऊन. यमूनं पदर तोंडावर ओढला. परत येताना प्रेमाताईंना हलकं वाटलं होतं. दुःखाला थोडी वाट करून दिली असं वाटलं होतं. माणूस स्वतःची किती सोय बघतो याला काही सीमा नाही.

गाडी थांबली. डोळे उघडले तर फाट्यावर ट्रक उभा होता आणि अर्धा रस्ता अडला होता. ट्रकमध्ये टोपं, गोधड्या, चटयांच्या वळकट्या, दोरीनं पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. मुकादम खाली उभा राहून ओरडत होता, की अजून कोण राहिलंय. गणूनं हॉर्न वाजवला नाही. तो आरशातून ताईंकडं बघत म्हणाला, वाडी चालली वाटतं. ट्रकच्या मागून यमू पळत आली. एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात सावळीच्या पाठची रखमी. ताईंनी काच खाली केली, मग दार उघडून त्या खाली उतरल्या. बाकी सगळा तालुका त्यांना ताई म्हणतो, यमू अजून बाई म्हणते.

"सकुबाय बोलली, बाई आज ये वाटंनं जानार. म्हनून मी ट्रक थांबिवला," यमू म्हणाली. धाप लागली होती तिला. "बाई, रखमीला ठेवू का नेऊ?"

मुकादमानं पुन्हा हाक मारली. भरत ट्रकमध्ये कडेला बसला होता आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत होता. प्रेमाताईंनी आयुष्यभर प्रश्न विचारले होते. त्यांना कुणी कधी काही विचारलं तर ते काम करून द्याल का, एवढंच असायचं. हे तसं नव्हतं. ठेव, असं म्हणायला त्यांच्याजवळ अर्ध्या तासाचं भाषण तयार होतं. भट्टीचा धूर, माती उचलणारे लहान हात, शाळा सुटली की पोरगी लग्नालाच उभी राहते ते. सगळं खरं, सगळं पाठ. त्यांनी रखमीकडं बघितलं. सात-आठ वर्षांची असेल. केस तांबूस. ताईंनी त्या चेहऱ्यातून सावळीचा चेहरा ओढून काढायचा प्रयत्न केला, अगदी निर्लज्जपणे, पोरीची हनुवटी हातात धरून. रखमी घाबरून आईच्या लुगड्याला चिकटली. काही आलं नाही. हा चेहराही एक दिवस नुसता फ्रॉक होऊन जाईल, वर काही नसलेला, असं त्यांना वाटलं आणि त्यांच्या छातीत भीती भरली. सभागृहात कधी वाटली नव्हती इतकी साधी भीती. यमूला आत्ता सांगून टाकावं. नदीचं पाणी, ओले केस, मुंबई. सांगितलं की ही पोर आपोआप ट्रकमध्ये चढेल, आपल्याला काही ठरवावं लागणार नाही.

"यमू, सावळीनं..." त्या म्हणाल्या. यमू वाट बघत उभी होती. शाळेत उत्तर चुकेल का म्हणून उभी राहायची, तशीच. मग प्रेमाताई म्हणाल्या, "घेऊन जा तिला. तुझ्याजवळ ठेव."

हे त्या आजवर कुठल्याच आईला म्हणाल्या नव्हत्या. इतकी वर्षं रक्त आटवून जे उभं केलं, ते दोन शब्दांत रस्त्यावर आडवं झालं. त्यांना वाटलं होतं वाईट वाटेल. पण त्यांना नुसतं थकल्यासारखं झालं, कुणीतरी डोक्यावरचा हंडा उतरवून घ्यावा तसं. गणू गाडीतून बघत होता. त्यानं ऐकलं असावं, कारण त्यानं मान दुसरीकडं वळवली.

यमूनं मान हलवली. होकाराची नव्हे.

"नाय बाई. गेल्या साली भट्टीवं दोन पोरा गेली. एक पान्यात बुडला, एक तापान गेली. थिकडंच मातीत घातली. कुनी नाव पन नाय घेतला, दुसरे दिशी कामाव." ती भरतकडं एकदा बघून परत ताईंकडं वळली. "माझे सावळीचा तुमी थेट मंबईला इचारलात. सरकार होय बोलला. ही वाडीवं राहिली आन् हिचा काय झाला, तर हिचा पन तुमी इचाराल. भट्टीवं कोन इचारनार?"

 यमू जिला खात्री समजते आहे ती खात्री नव्हे, ती किती भयंकर गोष्ट आहे, हे तिला सांगायला हवं होतं. पण यमूच्या चेहऱ्यावर उपहास नव्हता, राग नव्हता. घरात असलेल्या दोन भांड्यांतलं त्यातल्या त्यात कमी गळकं कोणतं, हे तिनं नीट बघून ठरवलं होतं. तिनं गाडीचं मागचं दार उघडलं, रखमीला आत बसवलं, गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. वाडीवं सकुबायकडं सोडा, असं ती गणूला म्हणाली. रखमी रडली नाही. सीटवर पडलेल्या शालीची झालर ती बोटांनी ओढून बघत होती. ताई तिच्या शेजारी येऊन बसल्या. मुकादमानं ट्रक सुरू केला. यमू दोन पावलं गेली, थांबली, आणि परत येऊन काचेशी वाकली. पोरीला काही सांगायला आली असं ताईंना वाटलं. पण ती त्यांच्याकडंच बघत होती.

"इचाराल ना, बाई?"

प्रेमाताई हो म्हणाल्या. आजवर त्यांनी लोकांना जेवढे शब्द दिले, त्यांत हा एकच असा होता, जो त्यांना नक्की पाळता आला असता.